पावसाळा आला की गेम अडकतो: डेस्कटॉपवरच्या स्टटरचं मूळ कसं शोधावं

गोव्यात गेमिंग पीसी वापरणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी जून-जुलैत हमखास कानावर येते. एप्रिलपर्यंत सुरळीत चालणारा गेम झटके द्यायला लागतो. यालाच स्टटर म्हणतात. कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा शंभराच्या वर असतो, पण नेमक्या मोक्याच्या क्षणी चित्र थिजतं. मग पीसी ओळखीच्या दुकानात जातो, विंडोज नव्याने टाकलं जातं, काही दिवस बरं चालतं आणि चवथ यायच्या आत पुन्हा पहिले पाढे. शेवटी कुणीतरी सांगतं, ग्राफिक कार्ड बदला. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेल्या पीसीवर आणखी पंचवीस-तीस हजार घालायची वेळ येते, आणि तेवढं करूनही झटके जातीलच याची खात्री नसते.

झटके पुन्हा पुन्हा येतात, कारण मूळ न शोधताच उपाय केलेला असतो. मूळ मात्र शोधता येतं. त्यासाठी लागणारी बहुतेक सगळी साधनं फुकट आहेत. लागतो तो थोडा धीर, आणि एक शिस्त: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर, रॅम, सेटिंग सगळं एकाच संध्याकाळी बदललं तर पीसी बरा झाला तरी कशाने झाला ते कळत नाही, आणि पुढच्या पावसात तुम्ही पुन्हा शून्यावर येता.

एफपीएसचा आकडा बाजूला ठेवा

एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती फ्रेम आल्या त्याची बेरीज. झटका या बेरजेत लपून जातो. समजा एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि एका फ्रेमला ४०० मिलिसेकंद लागले. एकूण झाले ९९० मिलिसेकंद, म्हणजे आकडा ६० एफपीएस दाखवणार. पण खेळणाऱ्याला जवळजवळ अर्धा सेकंद गेम गोठलेला दिसला. गोळी त्याच अर्ध्या सेकंदात लागते.

म्हणून बघायचा तो फ्रेमटाइम, म्हणजे प्रत्येक फ्रेम यायला किती वेळ लागला ते. ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, १४४ ला ६.९. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर टाका (कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं), त्यात फ्रेमटाइमला ग्राफच्या रूपात स्क्रीनवर आणा. रेघ सपाट असली तर ४५ एफपीएसलाही गेम बरा वाटतो. रेघेत सुळके दिसले तर १५० ला सुद्धा डोकं दुखतं. नोंद ठेवायची असेल तर कॅपफ्रेमएक्स वापरा. त्यात एक टक्का लो नावाचा आकडा मिळतो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमवरून काढलेला एफपीएस), आणि दोन दिवसांची तुलना करायला तो सरासरीपेक्षा फार उपयोगी पडतो.

यासोबत एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून त्याची लॉग फाइल बनवा. तापमान, क्लॉक (प्रोसेसरचा चालू वेग), थ्रॉटलिंग (तापल्यावर तो वेग आपोआप उतरणं) सगळं वेळेसकट नोंदलं जातं. नंतर सुळक्याची वेळ आणि लॉगमधली वेळ शेजारी ठेवली की अर्धं उत्तर समोर येतं. हे मोजणारं सॉफ्टवेअरही ठरावीक वेळाने सेन्सरना विचारत असतं आणि काही पीसींवर त्यामुळेच बारीक झटका बसतो. म्हणून एकदा सगळं मोजमाप बंद करूनही खेळून बघा.

झटक्याची चाल ओळखा

कुठलाही भाग उघडायच्या आधी झटका कधी येतो ते नीट पाहा.

एखादा स्फोट, एखादी जादू, एखादं नवं ठिकाण पहिल्यांदा समोर आलं की झटका, आणि तेच दुसऱ्यांदा आलं की काही नाही. हे शेडर, म्हणजे दृश्य कसं रंगवायचं ते ग्राफिक कार्डला सांगणारे छोटे प्रोग्राम, ऐनवेळी तयार (कंपाइल) होण्याचं लक्षण. एकदा तयार झालेले शेडर डिस्कवर साठवले जातात, तो शेडर कॅशे. डायरेक्टएक्स १२ वरच्या, विशेषतः अनरिअल इंजिनवर बनलेल्या अनेक गेममध्ये हे आहे आणि त्यात तुमच्या पीसीचा दोष नाही. ग्राफिक ड्रायव्हर अपडेट केला की जुना शेडर कॅशे बाद होतो, म्हणून त्यानंतरचा पहिला-दुसरा दिवस अनेक गेम अडखळतात. गेम सुरुवातीला शेडर तयार करत असेल तर ते पूर्ण होऊ द्या, कंटाळून पुढे जाऊ नका. एनव्हिडिया कार्ड असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशेची मर्यादा १० जीबी किंवा अमर्याद करून ठेवा. आणि पीसी 'फास्ट' करण्याच्या नावाखाली रोज कॅशे पुसणारी जी ॲप्स आहेत ती आजच काढून टाका. ती पुसतात तो कॅशे झटके कमी करण्यासाठीच साठवलेला असतो.

गाडी वेगाने चालवताना किंवा झटकन मागे वळताना अडकतं, म्हणजे नवी दृश्यं, टेक्स्चर वेळेवर पोचत नाहीत. इथे डिस्क, रॅम किंवा ग्राफिक कार्डची मेमरी कमी पडते आहे. गेम अजून हार्ड डिस्कवर असेल तर पुढचं काही तपासायच्या आधी तो एसएसडीवर हलवा. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर डेडिकेटेड मेमरी भरलेली आणि शेअर्ड मेमरी वाढत चाललेली दिसली, तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा. आठ जीबीच्या कार्डावर अल्ट्रा टेक्स्चरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, हाय आणि अल्ट्रामधला फरक चालत्या गेममध्ये क्वचितच दिसतो.

पंधरा-वीस मिनिटं छान चालून मग झटके सुरू झाले, तर उष्णता. अगदी ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा झटका येत असेल तर मागे चाललेला एखादा प्रोग्राम: आरजीबी दिव्यांचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, गेम बारची पार्श्वभूमीवर चालणारी रेकॉर्डिंग. आधी ही रेकॉर्डिंग बंद करा, सेटिंग्जमध्ये गेमिंगखाली कॅप्चर्स या पानावर ती असते.

तुमचा कॅमेरा सहज फिरतो, फ्रेमटाइमची रेघ सपाट आहे, पण समोरचे खेळाडू उड्या मारत जागा बदलतात, तर ती इंटरनेटची भानगड आहे. मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचा पिंग बघा, पीसीला वायफायऐवजी राउटरमधून केबल जोडा आणि कॅबिनेट उघडू नका.

आणि शेवटचा प्रकार: कधीही, कुठेही, सगळा पीसीच क्षणभर थांबतो, आवाजही 'घर्र' करून अडकतो. इथे गेमच्या सेटिंगला हात लावून काही होत नाही. लेटन्सीमॉन चालवून कुठला ड्रायव्हर वेळ खातो ते बघावं, आणि त्याहून आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. आपल्याकडे पावसात वारंवार उद्भवणारं दुखणं बहुतांशी याच गटात किंवा उष्णतेच्या गटात सापडतं, म्हणून या दोन्हींवर सविस्तर लिहितो.

दमट हवा आणि जोडण्या

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असणं नेहमीचंच. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते ती हीच हवा. किनाऱ्यालगत तिच्यात मिठाचा अंश असतो आणि मीठ ओलावा धरून ठेवतं. रॅमच्या पट्टीवरच्या, ग्राफिक कार्डच्या दातांवरच्या सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलच्या टोकांचंही तसंच. त्यावर हळूहळू मळकट थर धरतो, जोडणी पूर्ण तुटत नाही, पण सिग्नल अधूनमधून चुकतो. ग्राफिक कार्ड आणि डिस्कच्या जोडण्यांवर आजचं हार्डवेअर चुकलेला सिग्नल पुन्हा पाठवून सांभाळून घेतं, त्यामुळे बहुधा पीसी बंद पडत नाही, ब्लू स्क्रीन येत नाही. फक्त तेवढा वेळ जातो, आणि गेममध्ये तो झटका म्हणून दिसतो.

याचा पुरावा विंडोज स्वतः लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. झटक्याच्या वेळेच्या आसपासच्या पिवळ्या इशाऱ्यांकडे बघा. तीन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाने इव्हेंट १७ आला आणि त्यात पीसीआय एक्स्प्रेसचा (ग्राफिक कार्ड वगैरे मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गाचा) उल्लेख असला, तर ग्राफिक कार्डच्या किंवा एनव्हीएमई एसएसडीच्या जोडणीवर चूक होऊन ती दुरुस्त झाली आहे. 'डिस्क' नावाने इव्हेंट १५३ म्हणजे डिस्कवरचं वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. 'स्टोरएएचसीआय' नावाने इव्हेंट १२९ म्हणजे डिस्कने उत्तरच दिलं नाही आणि विंडोजने तिला रीसेट केलं. शेवटच्या प्रकारात झटका छोटा नसतो, कित्येक सेकंद सगळं ठप्प होतं.

पेडण्याकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या पीसीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. चिऱ्याचं जुनं घर, खिडकी पश्चिमेला, टेबल खिडकीखाली. पहिल्या वर्षी पावसात गेम अडकू लागला तेव्हा दुकानात नेऊन विंडोज नवं टाकलं, बरं झालं. पुढच्या जुलैत त्याचा फोन: "मामा, परत सुरू झालं. आता कार्डच बदलूया म्हणतात."

मी त्याला म्हटलं, कार्ड राहू दे, आधी इव्हेंट व्ह्यूअरचा फोटो पाठव. फोटोत १५३ च्या इशाऱ्यांची रांग, मध्ये मध्ये १२९. नंतर घरी गेलो तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये त्याच्या साटा एसएसडीचा सी७ क्रमांकाचा आकडा पाहिला. अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर असं त्याचं नाव, आणि तो डिस्कच्या तब्येतीपेक्षा केबलवरच्या चुका मोजतो. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतोय का हे महत्त्वाचं. आकडा लिहून घेतला, त्याला अर्धा तास गेम खेळायला लावला, पुन्हा पाहिला. वाढला होता.

कॅबिनेटचं झाकण काढलं. केबलच्या टोकाला जी पातळ पत्र्याची कडी असते तिच्यावर तांबूस गंज, आणि बाहेर काढल्यावर आतल्या पट्ट्या पिवळ्याधमक असायला हव्यात तिथे चॉकलेटी ठिपके. एसएसडीची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, शंभर-दीडशे रुपयांची नवी साटा केबल लावली आणि मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट घेतलं. सी७ चा आकडा तिथेच थांबला, इशारे थांबले, गेम सुरळीत झाला.

मग आदल्या वर्षी फॉरमॅट करून बरं कसं झालं होतं? दुकानात डिस्क काढताना-घालताना केबलची टोकं घासली गेली आणि काही काळ जोडणी नीट बसली. श्रेय मात्र विंडोजला मिळालं. वारंवार येणाऱ्या दुखण्यात हे सतत होतं, म्हणून 'अमुक केल्यावर बरं झालं' यावर विसंबू नका, सुधारणा कुठल्या आकड्यात दिसली ते विचारा.

रॅमसाठीही हाच मार्ग. पीसी बंद, प्लग बाहेर, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज उतरवा, हात कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा आणि पट्टी काढा. मऊ पांढऱ्या खोडरबराने सोनेरी दात हलकेच एकाच दिशेने पुसा, चुरा झटकून अल्कोहोलने पुसून घ्या. सँडपेपर किंवा खरखरीत काहीही अजिबात नको, मुलामा निघून जातो आणि मग गंज कायमचा. परत बसवताना दोन पट्ट्या असतील आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. त्यानंतर एक रात्र मेमटेस्ट८६ चालवा. त्यात एकही चूक आली तरी ती पट्टी भरवशाची नाही.

ग्राफिक कार्डची जोडणी जीपीयू-झेडमध्ये कळते. बस इंटरफेसच्या रकान्यात शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा आणि मग वाचा, कारण रिकामा असताना पीसी वीज वाचवायला वेग मुद्दाम उतरवतो. एक्स१६ चं (मदरबोर्डशी सोळा मार्गिकांनी जोडलेलं) कार्ड एक्स८ किंवा एक्स४ वर चालताना दिसलं तर कार्ड काढून, दात पुसून पुन्हा बसवा. फक्त एक ध्यानात ठेवा: आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० सारखी कार्डं मुळातच एक्स८ आहेत, तिथे एक्स८ दिसणं बरोबरच.

धूळ, ओल आणि उष्णता

डिचोली-उसगाव पट्ट्यात खनिजाच्या ट्रकांची, बाकी गोव्यात चिऱ्याची आणि रस्त्यांची तांबडी धूळ उन्हाळाभर कॅबिनेटमध्ये साठते. कोरडी असताना ती पंख्याच्या वाऱ्याने थोडीफार उडते. पावसाची ओल लागली की मात्र हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा घट्ट थर बसतो आणि हवा आत जाण्याची वाटच बंद होते. म्हणून मे महिन्यात स्वच्छता करणं ऑगस्टपेक्षा कितीतरी सोपं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो वेगाने भिरभिरला तर बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

प्रोसेसर मर्यादेला पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास, रायझेन ५००० मालिकेत ९० ते ९५. रायझेन ७००० मालिका तर ९५ अंशांपर्यंत जाणारच अशा बेताने बनवलेली आहे, तेव्हा तिथे नुसता आकडा बघून घाबरू नका. बघायचं ते गेम चालू असताना क्लॉक पडतं का. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंग 'येस' झालं आणि त्याच क्षणी फ्रेमटाइमचा सुळका आला, तर निदान पक्कं.

एक प्रकार मात्र तापमान बघूनही नजरेतून सुटतो. प्रोसेसर ७० अंशांवर निवांत, तरी क्लॉक अचानक ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास कोसळतं आणि सेकंदाभरात परत वर येतं. स्वस्त मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, म्हणजे व्हीआरएमवर, हीटसिंक नसतो. तो तापला की बोर्डच प्रोसेसरला वेग कमी करायला लावतो. तिथे नवा कूलर घालून फायदा नाही, तो भाग थंड करणारा वारा हवा. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक पंखा लावून किंवा बायोसमध्ये (पीसी सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) प्रोसेसरची वीजमर्यादा थोडी उतरवून हे बऱ्याचदा मिटतं.

जागाही बघा. ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेलं कॅबिनेट, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं कॅबिनेट, देवळीत ठेवलेलं कॅबिनेट, तिन्ही घातक. चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवा आणि जमिनीपासून उचलून ठेवा.

वीज जाते आणि बायोस विसरतो

हे कारण फार कमी लोक तपासतात. पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की आपण प्लग काढतो किंवा मेन बंद करतो, आणि ते योग्यच आहे. पण मेन बंद असताना मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेल बायोसचं घड्याळ आणि बऱ्याच बोर्डांवर सेटिंगही सांभाळतो. सेल नवा असताना ३ व्होल्टचा असतो, काही वर्षांनी उतरतो. मग प्रत्येक वेळी मेन बंद झाली की बायोस मूळ पदावर येतो आणि रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी एक्सएमपी किंवा एक्सपो ही सेटिंग बंद होते. ३२०० ची डीडीआर४ रॅम गुपचूप २१३३ किंवा २४०० वर धावते, पंख्यांची आखणी पुसली जाते, रीसायझेबल बार (प्रोसेसरला ग्राफिक कार्डची पूर्ण मेमरी वापरू देणारी सोय) बंद होतो. पीसी चालू होतो, काही बिघडल्यासारखं वाटत नाही, फक्त गेम अडकतो.

ओळखायला सोपं: पीसी सुरू केल्यावर घड्याळ जुनी तारीख दाखवतं का, आणि टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर स्पीडचा आकडा पेटीवर लिहिल्याइतका आहे का. सेल किरकोळ किमतीत मिळतो, तो बदला, बायोसमध्ये एक्सएमपी पुन्हा चालू करा, सेटिंगच्या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवा. टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरी पानावर किती स्लॉट वापरले आहेत तेही दिसतं. एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घालून ड्युअल चॅनल करणं (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरात आणणं) हा माझ्या मते आजही सगळ्यात कमी खर्चात झटके घटवणारा बदल आहे.

व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून गेम अडकतो, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. तसं नाही. चांगला एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी आतल्या भागांना ठरलेलीच वीज देतो, आणि नाहीच जमलं तर पीसी बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. यूपीएस जरूर घ्या, डिस्क आणि डेटा वाचवायला तो हवाच, पण स्टटरवर औषध म्हणून घेऊ नका.

रायझेन आणि एफटीपीएम

रायझेन प्रोसेसर असेल आणि अधूनमधून आवाजासकट सगळं थबकत असेल, तर बायोसची तारीख बघा. काही रायझेन पीसींवर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) बायोसच्या चिपशी लांबलचक व्यवहार करतं आणि त्यामुळे पीसी क्षणभर थांबतो, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतः मान्य केलं. त्यावर उपाय असलेले बायोस त्याच वर्षी मेपासून यायला लागले. तेव्हा मे २०२२ च्या आधीचा बायोस असेल तर मदरबोर्डच्या संकेतस्थळावरून नवा घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर आधी तो थांबवा आणि रिकव्हरी की लिहून ठेवा. आणि कृपा करून बाहेर गडगडत असताना बायोस अपडेट करू नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा अडकू शकतो. एफटीपीएम सरळ बंद करा असा सल्लाही मिळेल, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्योर बूट लागतं, ते बंद केलंत तर गेमच सुरू होणार नाही.

उरलेलं थोडक्यात

ड्रायव्हरचा संशय असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना साफ करून नवा टाका, आणि वर म्हटल्याप्रमाणे शेडर पुन्हा तयार होईपर्यंत निकाल देऊ नका. १४४ हर्ट्झचा फ्रीसिंक किंवा जीसिंक मॉनिटर (फ्रेमच्या वेगाशी जुळवून घेणारा) असेल तर रिवाट्यूनरमध्ये फ्रेम १४१ वर बांधा, झटके नसले तरी चालीत फरक जाणवतो. प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांवर असेल तरीही फ्रेम बांधल्याने त्याला श्वास मिळतो. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) बंद करू नका, रॅम १६ जीबी असली तरी. दुसऱ्या मॉनिटरवर व्हिडिओ चालू ठेवून खेळत असाल तर तो एकदा बंद करून बघा. एसएसडी गच्च भरली असेल तर पाचवा हिस्सा तरी मोकळा करा.

पुढच्या पावसाआधी

पावसाळ्यात पीसी झाकून महिनाभर बंद ठेवणं ही त्याची काळजी नव्हे. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा कॅबिनेटमध्ये ३८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे चालू पीसी आतून कोरडा राहतो. गावी जाणार असाल तर घरातल्या कुणाला तरी रोज अर्धा-पाऊण तास चालू ठेवायला सांगा. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवणारे आहेत, पण जाळ्या असलेल्या उघड्या पेटीत त्या एका दिवसात भरून जातात, उपयोग काही होत नाही.

एसीच्या खोलीत वेगळी काळजी. त्याच २८ अंश, ९० टक्के हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश आहे. रात्रभर १८-२० वर एसी चालवून पीसी थंडगार पडलेला असेल आणि सकाळी खिडक्या सताड उघडल्या, तर बाहेरच्या हवेतलं पाणी थेट त्या थंड पत्र्यावर आणि बोर्डवर जमतं. खिडक्या उघडल्यावर तासभर तरी पीसी सुरू करू नका.

मे महिन्यात धूळ काढताना साटा केबल, रॅम आणि कार्ड एकदा काढून पुसून बसवा, सेल जुना असेल तर बदला, सी७ चा आकडा आणि रॅमचा स्पीड लिहून ठेवा, आणि नेहमीच्या एका गेमची दहा मिनिटांची कॅपफ्रेमएक्स नोंद करा. जुलैत काही अडकलंच तर तुलनेला हे आकडे हाताशी असतील. दुकानात जायची वेळ आली तरी इव्हेंट व्ह्यूअरचे फोटो आणि ही नोंद सोबत न्या, आणि भाग बदलण्याआधी तोच भाग दुसऱ्या पीसीवर लावून दाखवायला सांगा. चांगला कारागीर याला कधी नाही म्हणत नाही.